मधला पट्टा

...आणि वर मलाच विचारतात, "पॉलिश लावायला तुला सांगितलं होतं कोणी?" कोणी म्हणजे? आईनं! जन्मभर दुसरं सांगितलंय काय तिनं? "फरशीत तोंड दिसलं पाहिजे!" शाळेतून आलो की आधी पाय धू, पुसून आत ये, का? फरशीत तोंड दिसलं पाहिजे! आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आठवडाभर दवाखान्यात होती, आज घरी यायची... मला वाटलं, म्हातारी खूश होईल. म्हणून तुम्हाला सांगतो, सकाळपासून ओणवा होऊन, या हातांनी, बाहेरच्या खोलीच्या फरशीला मेणाचं पॉलिश लावलं! अशी चकाकली, की वरच्या पंख्याची पाती खाली बघून मोजा.

तेवढ्यात ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आईला आणायला गेलेली. "अरे, निघालोय आम्ही. डॉक्टरांनी बजावलंय, या गुडघ्यावर एकदा पडली तर सगळं मुसळ केरात, परत उठायची नाही. फरशी गुळगुळीत नाही ना?"

मी म्हटलं, "छे छे!" फोन ठेवला, बघावं म्हणून एक पाऊल टाकलं... आणि थेट सोफ्याखाली! सोफ्यावर नाही हो, खाली! मी, धडधाकट माणूस! तिथं आई, वॉकर घेऊन, नव्या गुडघ्यावर...

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. "अहो, मी म्हटलं होतं." कधी? कधी म्हटलं होतं? पण भांडायला वेळ कुठाय? साबणाचं पाणी ओतलं... तर आणखीच निसरडं! सतरंजी अंथरली, तर पुन्हा ताई. "आणि हे बघ, सतरंज्या, गालिचे, पायपुसणी, सगळं उचल! कडेला पाय अडकतो! पेट्रोल पंपापाशी आलोय आम्ही." पेट्रोल पंपापाशी! म्हणजे आलेच की!

उचलली सतरंजी. काढला धुण्याचा सोडा, उकळतं पाणी, भांड्यांचा काथ्या, आणि बसलो घासत! अख्खी खोली कुठली व्हायला, निदान दारापासून आईच्या पलंगापर्यंत एक पट्टा तरी... जन्मभराची आज्ञा, फरशीत तोंड दिसलं पाहिजे, आणि मी तेच तोंड काथ्यानं खरवडून काढतोय! बायको मागून पुसतेय, "अहो, इथं अजून चमकतंय!" चमकतंय तर सांगतेस काय, घास तूपण! फोन... "गाडी लावतोय." घास! फोन... "लिफ्टमध्ये आहोत." घास, घास, घास! बोटांची सालटी निघाली, पण पट्टा झाला. मळकट, मुर्दाड, पण खरखरीत! मी पाय आपटून बघितला, बायकोनं आपटून बघितला, आणि बेल वाजली.

दार उघडलं. आई वॉकर धरून उभी, ताई मागे. आईनं खाली बघितलं. इकडे लखलख, तिकडे लखलख, मधोमध हा पट्टा. मी म्हटलं, "ये आई, सरळ ये, अशी या पट्ट्यावरनं..."

"शी! मधलं पुसायचं राहिलंय वाटतं? मी नाही बाई त्या घाणीत पाय ठेवायची." आणि उचलला वॉकर, वळवला, ठेवला थेट चकचकीत फरशीवर!

ताई किंचाळली, "आई!" बायकोनं डोळे मिटले. मी काय करणार होतो, सांगा ना? धावलो, तिच्यासमोर दोन्ही हात पसरले, पायाची बोटं फरशीत रोवली, आणि लागलो चालायला... मागं मागं. तिचं एक पाऊल पुढं, माझं एक मागं. "आई, हळू!" "हळूच आहे. तू समोरून हट आधी, मला तोंड दिसत नाहीये!" पलंगापाशी आली, टेकली, "हुश्श" म्हणाली... तेव्हा मला रडूच फुटलं, खरं सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, उरलेलंही पॉलिश काढून टाक की! काढू देईल ती? पलंगावरून पहारा आहे! काथ्या दिसला रे दिसला, की "फरशीत तोंड..." वगैरे, पुढचं तुम्हाला पाठ झालंच असेल. शेजारीपाजारी भेटतात, "काय, आई लागल्या का चालायला?" लागली हो, झकास लागली. ती सरळ चालते... मी उलटा.