अर्जावरचा अंगठा

१९३८ साली जबलपूरच्या कचेरीत, रांगेत माझ्यापुढे दोघं बोलत होती.

“शालिग्रामभाऊ, अर्जावरचा माहा अंगठा खोडा.”

“काहून, राधाबाई? गाव म्युनिसिपालटीत जाऊ नये म्हणून अंगठे घेत दारोदार तुम्हीच तर फिरल्या!”

“फिरली. तेव्हा मले नळाचं कोणी सांगितलं नव्हतं.”

“नळासंगं कर येईल. दारात म्हैस बांधू देणार नाहीत.”

“म्हैस विकीन.”

“अन् आपली विहीर काय वाईट आहे?”

“त्या विहिरीचं पाणी ओढून सून थकली. बाळंतपणाले माहेरी गेली ते गेलीच. नळ आला तरच येईन म्हणते.”

“अर्ज तर आजच द्यायचा आहे, बाई.”

“म्हणूनच तुमच्यामागं धावत आली. नात आता चालून राहिली असेल, भाऊ. मी तिले अजून मांडीवरही घेतलं नाही.”