गरम पाण्याचा एक नळ

नाही हो मिस्त्री, ‘मालकीणबाईंना बोलवा’ काय — मीच ती. साहेबांची बायको. असू द्या, ओशाळू नका, तुमचा काय दोष — या टोपीत नि या एप्रनमध्ये माझ्या सख्ख्या आईनंही मला ओळखलं नसतं. फोनवर मीच बोलले होते तुमच्याशी. तर नळ इथे हवा, या सिंकवर. गरम पाण्याचा. एकच. पाइप या भिंतीतूनच वर जातो ना? हात लावून बघा, भिंत कोमट लागते — मी सकाळी तिथेच पाठ टेकून उभी राहते. एक भोक पाडायचं, झालं.

वर बघून आलात ना सगळं? मग? सुंदर, म्हणता? सगळेच म्हणतात. दीडशे वर्षांचं व्हिक्टोरियन घर — जिन्याचं लाकूड आरशासारखं, रंगीत काचा कुठून कुठून शोधून आणलेल्या — आणि फरशीखालून गरम पाणी फिरतंय, टॉवेलसुद्धा ऊन ऊन मिळतो, पडदे फोनवरून सरकतात! इतिहास तर हवाच, पण पाय गार पडता कामा नयेत. आणि स्वयंपाकघर? ते मात्र जसंच्या तसं. का? तर लोकांना खरा जुना काळ बघायला मिळायला हवा ना. तो बघायचा लोकांनी, भोगायचा मी. ही बिडाची चूल, हा गार पाण्याचा नळ, ती तांब्याची पातेली — त्यांना हात लावायचा नाही हं, डाग पडतात! शी! हे भांडं बघा. बोट फिरवा, फिरवा की. लागला थर? कालचं तेल आहे. गार पाण्यानं सुटतं का कधी? कितीही घासा. तो वासही त्याचाच, सिंकमधून येतो. आता तर मला माझ्या बोटांचीच किळस येते — घास तोंडाशी नेते नि तसाच परत ताटात ठेवते. हे सांगितलं मी यांना. सांगितलं की. तर म्हणाले, ‘अगं, हातमोजे घाल.’

वाजू द्या ती घंटा. हो, खरीच आहे, वरच्या बैठकीत दोरी ओढली की इथे वाजते. नोकरांना बोलवायला होती. मोडून पडली होती — सगळ्यात मन लावून यांनी काही दुरुस्त केलं असेल तर ती. रविवार आहे ना, घर बघायला माणसं आलीत. दाखवतायत त्यांना — दोरी ओढली की खालून बाई कशी धावत येते ते.

टोपी? तीही यांचीच हौस. त्याचं काय झालं — एकदा मी अशीच इथे चूल पुसत होते, हे पाहुण्यांना घेऊन खाली आले, आणि त्यातल्या एका बाईंनी विचारलं, ‘किती वर्षं आहेस गं कामाला?’ मी म्हटलं, वीस. वीस वर्षं झाली ना लग्नाला! मला वाटलं, आता हे हसतील, म्हणतील, अहो ही माझी बायको. शेजारीच उभे होते. लागले त्यांना तांब्याची पातेली दाखवायला. रात्री मात्र काय खूश — ‘किती खरं वाटलं गं त्यांना!’ आणि पुढच्या रविवारी ही टोपी आणली, त्या काळच्या मोलकरणी घालायच्या तसली. कांजी केलेली. मला शिसारी आली हो त्या माणसाची. तरी घातली. का घातली म्हणजे? — पाहुणे दारात होते.

त्या बाई? त्या पुन्हा आल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या. माझ्यासाठी जुना स्वेटर घेऊन आल्या. हाच तो, एप्रनच्या आत. फेकून द्यायला हवा होता मी, नाही? पण इथे फार गार पडतं. ऊब आहे हो त्याला.

परत वाजली. वाजू दे, आज नाही जाणार मी. तुम्ही काढा ते ड्रिल मशीन, पाहुणे खाली यायच्या आत भोक पडलं पाहिजे. एकदा पडलं की काय बुजवतायत! — काय? काय म्हणालात? साहेबांना विचारून येता?

अहो, आत्ता सांगितलं ना, मी मालकीण — बरं. बरोबर आहे. नको, पिशवी उचलू नका, राहू द्या इथेच. आणि विचारा. जरूर विचारा. पण त्यांना बाजूला नाही घ्यायचं. बैठकीत, सगळ्यांच्या मधोमध, मोठ्यानं विचारायचं — ‘साहेब, तुमच्या बायकोला स्वयंपाकघरात गरम पाणी हवंय. देऊ का?’ बायको म्हणायचं. स्पष्ट. खाली काम करते तीच, तेही सांगा.

ही घ्या टोपी, दाखवायला लागेल. जा आता. आणि बूट काढून जा वर — फरशी गरम आहे, बरं वाटेल पायांना.