डब्यात चकल्या होत्या

—नाही गं, जपानी नव्हते ते. तू आता घेतलंयस त्या घरात ओरेन-सान राहायचे. त्यांच्या देशातले मोठे पुढारी — देशाचं नाव राहू दे. निवडून आलेला माणूस, लष्कराने हाकलून दिला, आणि आला इथे ग्योतोकुला, आपल्यासारखाच सकाळी कचरा वेगळा करत उभा. दोन हजार अकराचा भूकंप झाला ना, लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, माझा नवरा नीलकंठ ऑफिसच्या कामाने ओसाकात अडकलेला, मी एकटी, सातवा महिना — तर हा साठीचा माणूस पाण्याचे कॅन घेऊन पाच मजले चढायचा. चार दिवस. ‘जयंती-सान, तुम्ही खाली उतरायचं नाही’ म्हणायचे. मग काय, घरचेच झाले.

बस ना. तर तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. हॉलमध्ये आपल्या लोकांचा फराळ होता, तीस-पस्तीस माणसं, पोरं, मध्ये रांगोळी. नीलकंठने त्यांच्या हातात चकल्यांचा डबा ठेवला, दोघं हसतायत — मी फोटो काढला, फेसबुकवर टाकला. मीच टाकला. सगळेच टाकतात की! आठ दिवसांनी तिकडे युद्ध पेटलं, शेजारच्या देशाशी. सुरू कुणी केलं? त्या लष्करानेच — रणगाडे त्यांचेच आधी गेले, जगाने पाहिलं. पण तिथल्या टीव्हीवर काय? माझा फोटो. कापलेला. माणसं गायब, पोरं गायब, रांगोळी गायब — फक्त हे दोघं आणि डबा. म्हणे पळून गेलेल्या गद्दाराने शत्रूच्या हेराला भेटून हल्ल्याचे नकाशे घेतले, त्याच्यामुळे आपली मुलं मरतायत. हेर कोण, तर आमचा नीलकंठ! ज्याला साहेबाकडे सुट्टी मागायचा धीर होत नाही! मी हसले गं. पहिल्या दिवशी चक्क हसले.

ओरेन-सान नाही हसले. त्यांच्या बहिणीचा फोन आला होता. सख्खी बहीण — तिचा नातू पहिल्याच आठवड्यात गेला, एकोणीस वर्षांचा. ती विचारत होती, डब्यात काय होतं, खरं सांग. ते म्हणाले, चकल्या. चकल्या म्हणजे काय? आता काय सांगणार? तो फोन तसाच घेऊन आमच्या दारात आले — तुम्ही सांगा तिला. मी इंग्लिशमध्ये सांगितलं, भाजणीचं पीठ असतं, तिखट घालतात, तळतात... पलीकडे नुसतं रडणं. मग काहीतरी बोलली आणि फोन ठेवला. काय म्हणाल्या, विचारलं मी. तर म्हणाले, ‘या बाईला चांगलं पढवून ठेवलंयस, म्हणाली.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. म्हणाले, अख्खा फोटो द्या. जगाचं जाऊ दे, फक्त तिला दाखवायचाय. बाकीच्यांकडे गेले होते, पण हॉलमध्ये आपण होतो हेच कुणी कबूल करेना. आणि माझ्यामागे नीलकंठ उभा — सकाळीच त्याच्या ऑफिसातून फोन आलेला, यात पडू नका, कुणाला काही देऊ नका. पोस्टिंग, व्हिसा, मुलीची शाळा... काय करणार होते मी? म्हटलं, पुसला हो. फेसबुकवरून काढला तेव्हाच फोनमधूनही गेला. ते ‘सो देस का’ एवढंच म्हणाले. असं का, बस. वाकले आणि गेले. तीन आठवड्यांनी घर सोडलं. कुठे गेले, कुणालाच सांगितलं नाही.

आता कुठून मिळणार तो फोटो, म्हणतेस? मिळायला काय — आहे ना. माझ्याकडेच आहे, फोन बदलला की आपोआप नव्या फोनमध्ये — असं बघू नकोस गं. पाठवला मी त्यांना नंतर. दोनदा मेल केली, दोन्ही परत आल्या. बहिणीचं तर नावही मी विचारलं नव्हतं. आणि पोचला असता तरी? हासुद्धा बनवलेला आहे, असंच म्हणाली असती ना ती?

नको, नाही दाखवत. तुझं सामान पडलंय ना सगळं उघडं, जा तू. जा म्हटलं ना. दार ओढून घे.