अमाची शाळा, माझी शाळा

अगं, परवा लेकीच्या शाळेत, रॉटरडॅमजवळच्या कापेल गावात, आफ्रिकन संस्कृती आणि मुलांचा शिक्षणाचा हक्क असा कार्यक्रम होता. माझी घानाची शेजारीण अमा पाहुणी होती, मी तिच्या मदतीला.

एका मुलानं तिला विचारलं, "तू शाळेत किती लांब चालत जायचीस?"

अमा म्हणाली, "मला ड्रायव्हर गाडीतून सोडायचा."

मुलांचे चेहरे पडले.  अमानं माझ्याकडे बोट केलं, "हिला विचारा."

मी खरं ते सांगितलं. साताऱ्याजवळचं गाव, रोज चार किलोमीटर, पावसाळ्यात चपला हातात घेऊन ओढा ओलांडायचा.

 मग एक चिमुरडी उठली, स्वतःची पेन्सिल माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आता तूही शीक."

मी रॉटरडॅममध्ये इंजिनिअर आहे, हे सांगायचं जिवावर आलं. पेन्सिल घेतली.