ओल्वेनबाईंच्या काठीवरची खूण

वेल्समधल्या कॅरव्हॅन-तळावर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरांच्या मुक्कामी, नळाला रांग होती. माझ्यापुढे नवखा ह्यू आणि काठी टेकून उभ्या ओल्वेनबाई.

“तुझी कॅरव्हॅन नाक खाली घालून आली रे. गाडीच्या हुकाची उंची मापलीस कधी?”

“घरीच, बाई. अगदी बरोबर होती.”

“तेव्हा गाडीत कोण होतं?”

“कुणीच नाही.”

“आणि आता?”

“बायको, तीन पोरं, कुत्रा, सामान... अरे देवा! म्हणजे गाडी मागून दबली, हूकही खाली गेला!”

“उद्या घाट उतरायचाय ना? सगळ्यांना आत बसव, मग ही काठी हुकाशेजारी जमिनीवर उभी धर. हूक या खुणेशी येईल इतका वर चढव.”

“काय नेमकी खूण आहे हो! यजमानांनी केलेली?”

“छे! मापायचे मी. ते गाडीत बसायचे, वजन म्हणून.”