मधला थांबा

विमानाच्या तिकिटांच्या रांगेत सर्वांत पुढे एक आजी-आजोबा होते आणि खिडकीतली मुलगी त्यांची समजूत काढत होती.

“तुमच्या लेकीकडे जाणारं थेट विमान आम्ही बंद केलंय, आजोबा.”

“चांगलं भरून जायचं की!”

“परदेशी कंपन्यांना त्यांचं सरकार पैसे पुरवतं, म्हणून त्यांचं तिकीट स्वस्त. त्या भावात आम्हाला नाही परवडत. आता त्यांच्याच विमानाने जा. मधे नऊ तास थांबावं लागेल.”

“नऊ तास? या वयात?”

“अहो, जरा गप्प बसा. मधे म्हणजे कुठे गं?”

मुलीने गावाचं नाव दाखवलं.

“अगंबाई! इथेच तर माझी धाकटी बहीण असते. बारा वर्षं हे मला तिच्या डोक्यावरून नेताहेत!”

“साडूचं आणि माझं पटत नाही, ठाऊक आहे ना तुला?”

“मग तुम्ही विमानतळावर सामान सांभाळा. मुली, ह्यांना खिडकी दे, मला दाराजवळची जागा दे.”