तीर्थाचा निवडुंग

(कल्याण. श्रीपादबुवा हरदासांच्या घराचं मागलं अंगण. चैत्र नुकता लागला आहे. बुवा, त्यांच्या पत्नी आवडाबाई, आणि ठाण्याहून आलेला त्यांचा शिष्य गोविंदा.)

बुवा : मला विचारशील तर त्याला काही झालेलं नाही. जरा वाकलाय, इतकंच. वय झालं की माणूस वाकतो, हा तर निवडुंग.

आवडाबाई : जरा वाकलाय? काल दोरीनं खांबाला बांधलात तुम्ही त्याला.

बुवा : तू आत जा बघू. काय रे गोविंदा, आगगाडीचं भाडं भरून तू हे बघायला आलास? मला वाटलं, नवमीच्या कीर्तनाचे पेढे घेऊन आलास.

गोविंदा : काकूंचा निरोप आला, झाड अत्यवस्थ आहे म्हणून. पेढे आणायचं धाडस झालं नाही, बुवा.

बुवा : का? रामजन्माचं कीर्तन म्हणजे लहान मान नव्हे. त्या देवळात उभं राहून माझे केस पांढरे झाले. यंदा पंचांना वाटलं, बुवांचा आवाज बसलाय, शिष्याला बोलवावं. वाटू दे. आख्यानात मिठागरं आणणारा हरदास लोकांना आवडतो, असं ऐकतो.

गोविंदा : मिठागरावर गुमास्ता आहे मी. सीतामाईच्या डोळ्यांतलं पाणी म्हटलं की मला तिथलंच खारं पाणी आठवतं. मुद्दाम नाही आणत.

बुवा : बायका रडतात म्हणे तुझ्या आख्यानात.

आवडाबाई : तुमच्या आख्यानातही रडायच्या की. लांबलं म्हणजे.

बुवा : ऐकलंस? हे असं घरात. आणि हाराचं काढायचं असेल तर आधीच सांगतो. पूर्वरंग संपला की वडीलधाऱ्यानं हरदासाच्या गळ्यात हार घालायचा, बुक्का लावायचा, हे मीच तुला शिकवलं. पण नवमीला माझा घसा धरलेला असेल.

आवडाबाई : हार घालायला घसा कशाला लागतो?

गोविंदा : राहू दे काकू. बुवा, झाडाला हात लावू?

बुवा : लाव. तुझाही आहेच तो. माझ्या गुरुजींनी मला कांडं दिलं, मी त्यातलं तुला दिलं. तुझा कुंपणाच्या वर गेलाय ना? पूर्वेच्या अंगाला सगळा कळ्यांनी भरला होता.

गोविंदा : पूर्वेच्या अंगाला? हे कोणी सांगितलं?

बुवा : सांगतात लोक.

आवडाबाई : लोक कसले? दसऱ्यानंतर स्वतः गेले होते ठाण्याला. तांदळाचा भाव बघायला.

बुवा : ठाण्यात भाव निराळा असतो.

गोविंदा : मग घरी का आला नाहीत, बुवा?

बुवा : घाईत होतो. तू झाड बघतोयस की माझी झडती घेतोयस?

गोविंदा : झाड बघतोय. हा बुंधा बघा, दाबला की बोट आत जातंय, पिकल्या केळ्यासारखं. आणि वास आंबूस. हा सडलाय, बुवा.

बुवा : दृष्ट लागली असेल. वाईट नजरेनं बघणारे थोडे आहेत का?

गोविंदा : पाणी किती घालता?

बुवा : थेंब नाही. निवडुंगाला पाण्याची हाव नसते, हे तुला कोणी सांगितलं होतं? मी.

आवडाबाई : पाणी नाही घालत. तीर्थ घालतात.

गोविंदा : तीर्थ?

आवडाबाई : पंचामृताच्या पूजेचं. दूध, दही, तूप, मध, साखर. वर गंगा. रोज तांब्याभर.

बुवा : तीर्थ कुठं टाकायचं मग, वाटेवर? तुळशीत मावत नाही. आणि देवाच्या अंगावरचं पाणी झाडाला बाधतं, असं कोणत्या ग्रंथात लिहिलंय?

गोविंदा : बाधत नाही, पण ते वाहून जायला हवं. या कुंडीचं भोक कुठं आहे?

बुवा : बुजवलं. मेणानं. तीर्थ खालून गळून पायदळी जात होतं.

गोविंदा : मिठागरात पाणी अडवलं तर मीठ तरी धरतं. इथं नुसतं कुजलं. आणि कंगोऱ्यांच्या खाचांत हे पांढरं दिसतंय ना?

बुवा : भस्म आहे. पूजेचं उडालं असेल.

गोविंदा : भस्म चालत नाही, बुवा. हे चालतंय.

आवडाबाई : अगं बाई. खरंच की.

गोविंदा : कीड आहे. साखरेला मुंग्या आल्या, आणि मुंग्या असल्या म्हणजे ही कीड माजते. तंबाखू रात्रभर पाण्यात घालून ठेवायची आणि त्या पाण्यात चिंधी बुडवून खाच न् खाच पुसायची. आमच्या शेजारचे मार्सेलबाबा आहेत, वाडीवाले, त्यांनी मला दाखवलं.

बुवा : म्हणजे दुसरा गुरू केलास.

गोविंदा : निवडुंगापुरता.

बुवा : आज निवडुंगापुरता. उद्या चालीपुरता. असंच होत जातं.

गोविंदा : ही मावळतीकडची बाजू पिवळी, कोरडी झालीय. भाजलाय इथं. एकदम उन्हात ठेवलात का?

बुवा : तुझा उन्हातच आहे ना? कळ्या उन्हानंच येतात.

गोविंदा : माझा जन्मापासून उन्हात आहे. सावलीतलं झाड हळूहळू बाहेर काढावं लागतं.

बुवा : माझं सावलीत होतं, असं तुला कोण म्हणालं?

गोविंदा : तेच म्हणतंय. हा मधला भाग बघा. खाली मनगटाएवढा आहे, वरही आहे, आणि मध्येच अंगठ्याएवढा. फिका, लांबुडका. इथं वाढताना याला उजेड मिळालेला नाही. चांगला वर्षभर. कुठं होता हा?

आवडाबाई : सांगा की आता.

बुवा : कोठीत.

गोविंदा : कोठीत? का?

बुवा : गुरं फार झाली होती आळीत.

आवडाबाई : गुरं निवडुंग खातात होय? अरे, तुझ्या झाडाला पहिल्यांदा फूल आलं ना, तेव्हा जो तो येऊन विचारायचा, बुवा, शिष्याकडे फुललं, तुमच्याकडे कधी? मग नेलं कणगीमागं. म्हणजे कोणी विचारायला नको. आणि दसऱ्यानंतर ठाण्याहून परत आले ते पाय न धुता कोठीत शिरले, झाड उचललं आणि मावळतीच्या उन्हात आणून ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून तीर्थ सुरू.

बुवा : झालं तुझं आख्यान?

आवडाबाई : झालं. आता आरती राहिली.

गोविंदा : काकू, सुरी विस्तवावर धरून आणता?

बुवा : कापणार तू?

गोविंदा : खालचं गेलं, बुवा. ठेवलं तर वरचंही जाईल.

बुवा : खालचं म्हणजेच गुरुजींनी दिलेलं कांडं. त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळून दिलं होतं. मी हातात धरून घाट उतरलो, बोटांत काटे मोडले तरी खाली ठेवलं नाही. तेच नेमकं टाकायचं?

गोविंदा : वरचंही त्याच कांड्याचं आहे.

बुवा : तुझ्या तोंडी शोभतं ते. तुझं जिवंत आहे.

आवडाबाई : ही घ्या सुरी. जपून, तापलीय.

गोविंदा : मी कापू?

बुवा : नको. आण इकडे. माझ्या हातून गेलंय, माझ्याच हातानं कापतो. इथं?

गोविंदा : इथं. आता आत बघा. मध्ये तपकिरी डाग आहे ना? तो असेपर्यंत वर जायचं.

बुवा : अजून आहे.

गोविंदा : सुरी पुसा आणि आणखी वर.

बुवा : अजूनही आहे. हा तर बारका भाग आला.

गोविंदा : तोही जाऊ द्या.

आवडाबाई : गेलं एकदाचं कोठीतलं वर्ष.

गोविंदा : बघा आता. पांढरं, स्वच्छ. थांबा, इथंच थांबा.

बुवा : एवढंच राहिलं? वीतभर?

गोविंदा : मला तुम्ही दिलंत ते एवढंच होतं.

बुवा : हं.

गोविंदा : लागलंच तर माझ्या झाडाचं एक कांडं आणून देतो.

बुवा : नको. म्हणजे, हे नाही धरलं तर आण. धरलं तर नको.

गोविंदा : धरेल. फक्त आज लावायचं नाही. कापलेल्या तोंडाला चुलीची राख लावा आणि सावलीत, वारा लागेल असं उभं ठेवा. जखम सुकून वर कातडं धरलं, की मग वाळू आणि विटांचा चुरा घालून लावायचं. कुंडीला भोक हवं. लावल्यावरही आठवडाभर पाणी नको. तीर्थसुद्धा नको.

बुवा : कळलं. सुकायला किती दिवस?

गोविंदा : नवमीच्या सुमारास सुकेल. बुवा, पंच म्हणाले, मामलेदारसाहेब हार घालतील. मी नाही म्हटलं. माझे गुरू गावात आहेत. ते आले नाहीत तर मी बिनहाराचा पुढचं आख्यान लावीन.

बुवा : हट्ट आहे हा.

गोविंदा : तुमच्याकडूनच आलाय.

बुवा : आख्यान संपताना तू चाल चढवतोस ना, तिथं तुझा दम तुटतो. एक ओळ आधी श्वास घेत जा.

गोविंदा : माझं कीर्तन तुम्ही कधी ऐकलंत?

बुवा : ऐकलं असेल कुठंतरी.

आवडाबाई : तांदळाच्या भावाला गेले होते तेव्हा. देवळाच्या मागल्या खांबाशी बसून.

गोविंदा : बुवा, पुढं यायचं होतंत.

बुवा : पुढं आलो असतो तर तू वाकून नमस्कार केला असतास, आणि लोक म्हणाले असते, बघा किती नम्र आहे. तेवढं सोसलं नसतं मला त्या दिवशी. बायका खरंच रडत होत्या रे. मीही.

आवडाबाई : हे मला नव्हतं सांगितलं.

बुवा : सगळं तुला सांगायला तू काय पंचायत आहेस? गोविंदा, नवमीला सकाळच्या गाडीनं ये. आधी हे कांडं दोघं मिळून लावू, मग देवळात जाऊ. हार मी घालीन.

गोविंदा : बुवा...

बुवा : पण नमस्कार आटोपता घे. फार वेळ वाकलास तर मला पुन्हा राग येईल.